निकाल चुकला म्हणण्याआधी: एमएमएची लढत स्वतः कशी मोजावी

जानेवारी 2023 मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. दोघेही आपल्याच जिल्ह्याचे. महेंद्रच्या 'बाहेरची टांग' या डावाला पंचांनी 4 गुण दिले आणि त्या 4 गुणांवरून सोलापुरात घराघरांत दोन तट पडले. पंचांना धमकावण्यापर्यंत मजल गेली. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला तर शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली, अंतिम लढतीत महेंद्र पंचांशी वाद घालून आखाडा सोडून गेला आणि दोघांवर 3 वर्षांची बंदी आली. पंचांच्या निर्णयावरून डोकं तापणं आपल्याला नवीन नाही.

आता तालमीतली तीच पोरं रविवारी सकाळी मेहनत उरकून मोबाइलभोवती कोंडाळं करतात. अमेरिकेत तेव्हा शनिवारची रात्र असते आणि यूएफसी या अमेरिकी कंपनीने भरवलेल्या एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि पकड सगळं चालणारा पिंजऱ्यातला खेळ) मोठ्या लढती रंगात आलेल्या असतात. निकाल जाहीर झाला की दर दुसऱ्या रविवारी एकच ओरडा: "चोरी झाली बे, सरळ चोरी!" चोरी कधीकधी होतेही. पण बऱ्याचदा ओरडणाऱ्याने कुस्तीचे गुण डोक्यात धरून एमएमए बघितलेली असते. हा खेळ नव्याने बघणाऱ्यांसाठी, विशेषतः कुस्तीच्या मातीतून इकडे वळलेल्यांसाठी, हा लेख लिहितो आहे. माझा आग्रह एकच आहे. निकालावर बोलायचं असेल तर निकाल जाहीर होण्याआधी स्वतःचं कार्ड भरलेलं पाहिजे.

तक्रार कोणाविरुद्ध, ते आधी ठरवा

पिंजऱ्याच्या आत एकच अधिकारी असतो, तो रेफ्री. लढत चालवणं, फाउल पकडणं, ताकीद देणं, गुण कापणं आणि वेळ आली की लढत थांबवणं हे त्याचं काम. राउंड कोणी जिंकला हे तो ठरवत नाही. ते ठरवतात बाहेर तीन वेगवेगळ्या बाजूंना बसलेले 3 जज. प्रत्येक राउंड संपला की ते एकमेकांना न विचारता आपापले गुण लिहून देतात. कोणी किती ठोसे मारले याचे टीव्हीवर येणारे आकडे त्यांच्यासमोर नसतात. ते आकडे प्रेक्षकांसाठी असतात, गुणांशी त्यांचा संबंध नाही.

या जजना आणि रेफ्रीला नेमतं कोण? अमेरिकेत ज्या राज्यात लढत आहे त्या राज्याचं अ‍ॅथलेटिक कमिशन (अशा लढतींवर देखरेख करणारी सरकारी संस्था), उदाहरणार्थ लास व्हेगासला नेवाडाचं. यूएफसी फक्त लढत भरवते. म्हणून "यूएफसीने हरवलं" हे वाक्य बहुतेक वेळा चुकीच्या दारात जाऊन मारलेली हाक असते. जिथे असं कमिशनच नाही अशा देशात मात्र यूएफसी स्वतःची व्यवस्था लावते, तिथे हा प्रश्न विचारायला जागा आहे.

कुस्तीवाल्यांनी आणखी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. मॅटवरच्या कुस्तीत कोच चॅलेंज टाकतो, व्हिडिओ बघितला जातो, गुण बदलतात. एमएमएत कोचला चॅलेंज नाही. काही राज्यांत रेफ्री रिप्ले बघू शकतो, पण ज्या घटनेमुळे लढत संपली तेवढीच. राउंडचे गुण रिप्ले बघून कोणी बदलत नाही.

म्हणजे चिडचिड झाली की पहिला प्रश्न हा: गुण चुकले, रेफ्री चुकला, की नियमच असा आहे? या तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात.

कार्ड भरायला बसा

वहीचं एक पान घ्या. दोन उभे रकाने, एक लाल कोपऱ्याचा, एक निळ्याचा. आडव्या ओळी साध्या लढतीला 3, किताबाच्या लढतीला आणि मुख्य लढतीला 5, कारण तितके राउंड असतात आणि प्रत्येक राउंड 5 मिनिटांचा. शेवटी थोडी जागा सोडा, गुण का दिले ते दोन-चार शब्दांत लिहायला. ही जागा फार महत्त्वाची आहे. "निळा, उजवा हात, पाय लटपटले" एवढं लिहिलं तरी पुरे. तासाभराने वाद रंगला की आठवण पलटी मारते, कागद मारत नाही.

मग आवाज बंद करा. हे मी कळकळीने सांगतो. कॉमेंट्री करणारा माणूस आधीपासून एका खेळाडूची गोष्ट सांगत असतो आणि त्याच्या प्रत्येक ठोशाला ओरडतो. लढत त्या पैलवानाच्या गावात असेल तर प्रेक्षक हवेत गेलेल्या ठोशालाही शिट्ट्या मारतात. आवाज बंद केल्यावर तीच लढत किती वेगळी दिसते ते बघा.

राउंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9 किंवा कमी. ही पद्धत बॉक्सिंगमधून आली. 10-9 हा नेहमीचा निकाल. राउंड निसटता असो की स्पष्ट, 10-9 च. खूप जास्त फरक असेल तर 10-8. 10-7 क्वचित, आणि 10-10 जवळजवळ नाहीच, कारण नियम सांगतो की काहीतरी फरक शोधा.

आता मुख्य मुद्दा, कोण जिंकला हे कशावरून ठरवायचं. आज लागू असलेले निकष अमेरिकेतल्या कमिशनांच्या संघटनेने 2016 मध्ये नव्याने लिहिले आणि 1 जानेवारी 2017 पासून ते लागू झाले. त्यात क्रम आहे. सगळ्यात वर परिणामकारक मारा आणि परिणामकारक पकड, म्हणजे समोरच्यावर काय परिणाम झाला. हे दोघांचं अगदी शंभर टक्के समान झालं, तरच दुसऱ्या निकषाकडे जायचं: पुढे सरसावून परिणामकारक आक्रमण कोण करत होतं. तेही समान असेल तरच तिसरा: पिंजऱ्यातल्या जागेवर ताबा कोणाचा होता. व्यवहारात जवळजवळ प्रत्येक राउंड पहिल्याच निकषावर सुटतो. म्हणून "तो सारखा पुढे येत होता" हे कारण सांगणाऱ्याने आधी हे दाखवावं की मारा आणि पकड दोन्ही बरोबरीत होते.

परिणाम म्हणजे काय? ठोशाने पाय लटपटले, माणूस खाली बसला, कोपराने कातडी फाटली, पोटातल्या लाथेने श्वास अडकला, मांडीवरच्या लाथांनी चालण्याची ढब बदलली, गळ्याला पडलेली पकड इतकी घट्ट की सुटण्यासाठी जीव काढावा लागला. तात्काळ परिणाम करणाऱ्या फटक्याचं वजन जास्त, थोडाथोडा साचत जाणाऱ्या माऱ्याचं त्याखालोखाल. नुसती संख्या मोजू नका. हलक्या 20 थपडांपेक्षा भान हरपायला लावणारा एक ठोसा मोठा.

पायावरच्या लाथा नवीन प्रेक्षकाला दिसतच नाहीत, आणि कधीकधी जजनाही दिसत नाहीत असं वाटतं. ऑक्टोबर 2009 मध्ये लॉस एंजेलिसला ल्योटो माचिदा आणि मॉरिसियो शोगुन हुआ यांच्या लढतीत शोगुनने पाच राउंड माचिदाच्या पायांवर आणि बरगड्यांवर लाथांचा मारा चालवला. तिन्ही जजनी 48-47 असा कौल माचिदाला दिला आणि किताब त्याच्याकडेच राहिला. मे 2010 मध्ये पुन्हा लढत झाली, शोगुनने पहिल्याच राउंडमध्ये त्याला झोपवलं. दुसऱ्या लढतीने पहिलीचा निकाल चूक ठरत नाही, तो तर्क कोणी करू नये. पण पहिली लढत आवाज बंद करून बघा आणि कमरेखाली नजर ठेवा.

पट काढला म्हणजे गुण मिळाले असं नाही

इथे आपली सगळी पोरं अडकतात, आणि त्यांचा दोष नाही. मॅटवर पट काढून (पाय धरून खाली पाडून) मागे ताबा घेतला की 2 गुण, समोरच्याला उचलून उधळला की 4, अशी नजर लहानपणापासून घडलेली असते. एमएमएत पट काढण्याला स्वतःचा असा गुणच नाही. खाली नेल्यावर तुम्ही केलं काय, हा प्रश्न. वर बसून कोपर मारले, गळा शोधला, हात पिळला, तर त्या पटाला किंमत. नुसतं धरून ठेवलं आणि समोरचा खालून कोपर मारत राहिला, तर राउंड खालच्याचाही होऊ शकतो. उचलून असा आपटला की तो हादरला, तर ते आपटणं मात्र स्वतःच मोठं, कारण त्याचा परिणाम झाला.

एक राउंड जवळून बघू. कल्पनेतलाच आहे, पण असे राउंड दर आठवड्याला होतात. लाल कोपऱ्यातला पैलवान पहिल्या मिनिटाला दुहेरी पट काढतो. निळा पडताच पाठ जाळीला लावतो. लाल त्याच्या कमरेला मिठी मारून, डोकं छातीत खुपसून धरतो. मधूनमधून मांडीवर छोटे ठोसे, बरगडीत छोटे ठोसे. तीन मिनिटं अशीच जातात. निळा दोनदा उठतो, लाल दोनदा परत बसवतो. चौथ्या मिनिटाला निळा सुटतो. दोघं उभे. लाल पुन्हा खाली वाकतो आणि निळ्याचा गुडघा त्याच्या हनुवटीवर बसतो. लालचे पाय क्षणभर जातात, तो जाळी धरून सावरतो, निळा आणखी दोन सरळ ठोसे बसवतो, भुवई फुटते. भोंगा.

तालमीतल्या दहाजणांना विचारलं तर आठजण हा राउंड लालला देतील. तीन मिनिटं ताबा, तीनदा खाली नेलं. पण आजच्या निकषांत राउंड निळ्याचा, 10-9. लालच्या मिठीने निळ्याचं काही बिघडलं नाही, निळ्याच्या गुडघ्याने लालचे पाय गेले. ताबा हा तिसरा निकष होता आणि तिथपर्यंत जायची वेळच आली नाही. शिवाय लालने जाळी धरली तो फाउल, त्याची दखल रेफ्रीने घ्यायची.

रितू फोगाटचं दुःख मला यासाठीच जवळचं वाटतं. कुस्तीच्या घराण्यातली पोरगी, सगळा खेळ पकडीवर उभा. मे 2021 मध्ये वन चॅम्पियनशिप या एमएमए भरवणाऱ्या आशियाई संस्थेच्या लढतीत बी न्गुयेनविरुद्ध तिला स्प्लिट निर्णयाने (तिघांपैकी दोन जज विरोधात) हार पत्करावी लागली आणि भारतात भरपूर ओरड झाली. ओरडणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होतं की वन चॅम्पियनशिपमध्ये राउंडवार 10-9 ची पद्धतच नाही? तिथे पूर्ण लढत एकत्र तोलतात, आणि नॉकआउटच्या किंवा सबमिशनच्या (पकडीत अडकवून हार मानायला लावण्याच्या) किती जवळ कोण गेलं हे सगळ्यात आधी बघतात. त्या लढतीचा निकाल तुम्हाला मान्य नसेलही. पण तो त्याच तराजूत तोलून अमान्य करावा लागेल, यूएफसीच्या नाही आणि महाराष्ट्र केसरीच्याही नाही.

बेरीज

तीन राउंडपैकी दोन एकाचे, एक दुसऱ्याचा: 29-28. तिन्ही एकाचे: 30-27. पाच राउंडमध्ये तीन-दोन झालं तर 48-47, चार-एक झालं तर 49-46. तिन्ही जजनी एकालाच कौल दिला तर निकाल एकमताचा. दोघांनी एकाला, तिसऱ्याने दुसऱ्याला, तर स्प्लिट. दोघांनी एकाला आणि तिसऱ्याने बरोबरी दिली तर मेजॉरिटी.

स्प्लिट म्हणजे वादग्रस्त आणि एकमत म्हणजे स्वच्छ, असं समजू नका. फेब्रुवारी 2020 मध्ये ह्यूस्टनला जॉन जोन्स आणि डॉमिनिक रेयेस यांच्या लढतीचा निकाल एकमताचाच होता: 48-47, 48-47, 49-46, तिन्ही जोन्सला. पहिला राउंड रेयेसचा, चौथा आणि पाचवा जोन्सचा, इथवर फारसं भांडण नाही. प्रश्न दुसऱ्या आणि तिसऱ्याचा. त्यातला एक जोन्सला देणारा माणूस मी समजू शकतो. दोन्ही देऊन 49-46 लिहिणारं कार्ड मला कितीही वेळा बघून पटलेलं नाही. मुद्दा असा की "जोन्सला जिंकवलं" ही ढोबळ तक्रार कच्ची, आणि "या एका जजचा हा एक राउंड" ही तक्रार पक्की. दुसरी करायला शिका.

नोव्हेंबर 2013 मधली जॉर्जेस सेंट पिएर आणि जॉनी हेंड्रिक्स यांची लढत याच कामाची. सेंट पिएरचं तोंड सुजून ओळखू न येण्यासारखं झालेलं, हेंड्रिक्स जवळजवळ ताजा, आणि स्प्लिट निर्णयाने जिंकला सेंट पिएर. चेहरे बघून लोक खवळले. पण गुण लढतीच्या शेवटी चेहरा बघून देत नाहीत, राउंड संपेल तेव्हा त्या राउंडचे देतात. ती लढत एका राउंडवर लटकली होती, पहिल्या. तिन्ही जजचं बाकीच्या चार राउंडवर एकमत होतं.

10-8 ने गणित कसं फिरतं ते सप्टेंबर 2023 मध्ये दिसलं. अलेक्सा ग्रासो आणि व्हॅलेंटिना शेव्हचेंको यांच्या दुसऱ्या लढतीत एका जजने ग्रासोला 48-47, दुसऱ्याने शेव्हचेंकोला 48-47 आणि तिसऱ्याने 47-47 दिले. तिसऱ्या कार्डावर शेव्हचेंकोने तीन राउंड जिंकले होते, तरी बरोबरी, कारण पाचवा राउंड त्याने ग्रासोला 10-8 लिहिला. तिथे 10-9 असते तर किताब शेव्हचेंकोकडे परत आला असता. 10-8 देताना तीन गोष्टी बघायच्या: परिणाम, वर्चस्व आणि ते किती वेळ टिकलं. तिन्ही असतील तर 10-8 द्यायलाच हवा. शेव्हचेंकोच्या पाठीवर बसून ग्रासोने केलेला शेवटचा हल्ला त्या मापाचा होता का, हे स्वतः बघून ठरवा. माझ्या कार्डावर तो 10-9 आहे. बॉक्सिंगची सवय असलेल्यांसाठी एवढंच: खाली पाडलं की आपोआप 10-8, असा नियम एमएमएत नाही.

आणि बेरीज माणसंच करतात, हेही विसरू नका. मार्च 2012 मध्ये सिडनीला डिमिट्रियस जॉन्सन आणि इयान मॅकॉल यांच्या लढतीत जॉन्सन जिंकल्याचं जाहीर झालं, मग कळलं की कार्डांची बेरीज चुकली होती आणि खरा निकाल बरोबरीचा. ती स्पर्धेची उपांत्य लढत होती, बरोबरी झाली तर आणखी एक राउंड खेळवायचा होता. तो राहूनच गेला. जूनमध्ये त्यांना पुन्हा लढावं लागलं. अशी चूक कागदावर सिद्ध होते, म्हणून सुधारते. "जजने चुकीचं बघितलं" एवढ्यावर कमिशन निकाल सहसा फिरवत नाही.

रेफ्रीवर बोलायचं तर

लढत थांबवण्याच्या बाबतीत एकच प्रश्न असतो: मार खाणारा शहाणपणाने स्वतःचा बचाव करतो आहे का? हात वर आहेत का, मान वळते का, तो सुटायची हालचाल करतो का? रेफ्री "लढ, हल" असं ओरडून सांगतो आणि उत्तराची वाट बघतो. उत्तर आलं नाही की मध्ये पडतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत, एका बाजूने, अंगांच्या गुंत्यात. आपण तेच दृश्य संथ गतीने चार कोनांतून बघतो.

मार्च 2019 मध्ये बेन अस्क्रेनने रॉबी लॉलरच्या मानेला विळखा घातला होता. लॉलरचा हात सैल होऊन खाली पडला, रेफ्री हर्ब डीनने लढत थांबवली आणि लॉलर लगेच उठून विचारायला लागला, का थांबवली. तो शुद्धीवर होता. पण हात पडला होता हेही खरं. याच डीनवर जुलै 2020 मध्ये अबू धाबीत उलटा आरोप झाला. जय हर्बर्ट खाली पडला होता, समोरच्या फ्रान्सिस्को त्रिनाल्डोनेही थबकून रेफ्रीकडे बघितलं, तरी लढत चालू राहिली आणि हर्बर्टने आणखी ठोसे खाल्ले. कॉमेंट्रीला बसलेला डॅन हार्डी "थांबवा" म्हणून ओरडला. या दोन चुकांना मी एका मापाने मोजत नाही. लवकर थांबवल्याने लढत जाते, ती पुन्हा भरवता येते. उशिरा थांबवल्याने मेंदूला मार बसतो. कधी स्वतः रेफ्री म्हणून उभं राहायची वेळ आली तर लवकरच्या बाजूने चुका.

फाउलचा हिशेब थोडा किचकट आहे, पण तो कळला की निम्मे वाद मिटतात. फाउल मुद्दाम केला आणि समोरचा पुढे लढू शकत नाही, तर करणारा बाद. नकळत झाला आणि लढत लवकर संपली, तर निकाल नाही, नो कॉन्टेस्ट. नकळतच, पण तीन राउंडच्या लढतीत दोन आणि पाचच्या लढतीत तीन राउंड पूर्ण झालेले असतील, तर तोवरची कार्डं मोजून निकाल. मार्च 2021 मधलीच दोन उदाहरणं बघा. पेत्र यानने खाली गुडघे टेकलेल्या अल्जमेन स्टर्लिंगच्या डोक्यात गुडघा मारला. रेफ्रीने तो मुद्दामचा ठरवला, यान बाद झाला आणि किताब स्टर्लिंगकडे गेला. यूएफसीत अशा प्रकारे किताब हलण्याची ती पहिली वेळ. पुढच्याच आठवड्यात लिऑन एडवर्ड्सचं बोट बेलाल मुहम्मदच्या डोळ्यात गेलं, दुसऱ्या राउंडच्या सुरुवातीलाच, आणि नो कॉन्टेस्ट झालं.

रेफ्रींबद्दलची माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ते गुण कापायला कचरतात. डोळ्यात बोट गेलं, ताकीद. जाळी धरली, ताकीद. पुन्हा धरली, पुन्हा ताकीद. तीन राउंडच्या लढतीत एक गुण कापला तर 29-28 चं 28-28 होतं, म्हणजे हरलेली लढत बरोबरीत येते. एवढी मोठी शिक्षा द्यायला हात धजावत नाही हे मला कळतं. पण त्याने ज्याच्या डोळ्यात बोट गेलं त्याच्यावर अन्याय होतो. बघताना कार्डाच्या कोपऱ्यात ताकिदीही मोजा.

लढतीची तारीख बघा

जुनी लढत बघून आजच्या नियमाने शिव्या घालू नका. डिसेंबर 2009 मध्ये जॉन जोन्स मॅट हॅमिलवर बसून हुकमी जिंकत होता, पण वरून सरळ खाली मारलेल्या कोपरांमुळे बाद ठरला. तो कोपर तेव्हा निषिद्ध होता. 2024 मध्ये ती बंदी उठली आणि यूएफसीत नोव्हेंबर 2024 पासून तो चालतो. त्याच वेळी "खाली असलेला खेळाडू" कोण याचीही व्याख्या बदलली. आधी खेळाडू नुसते हात जमिनीला टेकवून डोक्यावरचा गुडघा चुकवायचे. आता हातपाय सोडून शरीराचा दुसरा भाग टेकलेला असेल तरच तो खाली धरला जातो. वन चॅम्पियनशिपमध्ये तर खाली असलेल्याला गुडघा मारणं मुळातच चालतं.

पोरगं स्वतः उतरणार असेल तर

आपल्याकडून हौशी स्पर्धांना जाणारी पोरं वाढताहेत. आई-वडिलांनी आणि वस्तादांनी नाव देण्याआधी आयोजकांकडून नियम लेखी मागावेत. जागतिक हौशी संघटनेच्या नियमांत राउंड 3 मिनिटांचे असतात, कोपर बंद, डोक्यावर गुडघा बंद. टीव्हीवर बघून केलेला डाव तिथे फाउल ठरू शकतो. जज किती, गुण कोणत्या पद्धतीने, दाद मागायची तर कोणाकडे आणि किती वेळात, डॉक्टर पिंजऱ्याजवळ आहे का, हे सगळं लढतीआधीच्या नियमांच्या बैठकीत विचारायचं. शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर आलं नाही तर पोराला घेऊन घरी या. निकाल विरोधात गेला तर वस्तादाने लेखी तक्रार द्यावी. पोराने आणि त्याच्या मित्रांनी पंचांपासून लांब राहावं. अहिल्यानगरच्या त्या एका लाथेची किंमत 3 वर्षं होती.

सराव कुठून सुरू करावा

पहिल्यांदा पूजा तोमरची 8 जून 2024 ची लढत घ्या. यूएफसीत जिंकलेली ती पहिली भारतीय स्त्री, समोर ब्राझीलची रायन डोस सँटोस, तीन राउंड, स्प्लिट निर्णय. एका जजने पूजाला 30-27 दिले, दुसऱ्याने विरुद्ध बाजूला 30-27, तिसऱ्याने पूजाला 29-28. म्हणजे एकाने तिला तिन्ही राउंड दिले आणि दुसऱ्याने एकही नाही. आपली पोरगी जिंकली या आनंदात हे कार्ड कोणी तपासलं नाही, म्हणून तेच आधी तपासा. आपल्या माणसाच्या बाजूने लागलेल्या निकालावर हात बसला की मग विरोधात गेलेल्याकडे वळा.

दोघं-तिघं मिळून बसा, पण कार्डं वेगवेगळी भरा आणि राउंड संपताच पालथी ठेवा. एक मिनिटाच्या विश्रांतीत बोलायचं नाही. शेवटी तिन्ही कार्डं शेजारी ठेवली की कळतं कोणत्या राउंडवर मतं फुटली. फक्त तोच राउंड पुन्हा लावा, आवाज बंद करून. पूजाच्या लढतीनंतर शोगुन आणि माचिदाची पहिली लढत, मग जोन्स-रेयेसचे दुसरा आणि तिसरा हे दोनच राउंड, आणि रितूची लढत सगळ्यात शेवटी, कारण तिला कार्डाचे रकाने चालणार नाहीत. तिच्यासाठी कोऱ्या पानावर पूर्ण लढतीचं एकच टिपण करा.